पाठीला डबा बांधून समुद्रात

आम्ही कराडकडची मुलं विहिरीत पोहायला शिकलो. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि काकांनी काठावरून ढकलून द्यायचं, एवढाच अभ्यासक्रम. पुढे चोपन्नाव्या वर्षी, अंदमानात हॅवलॉकच्या किनाऱ्यावर, एका पोरसवदा इन्स्ट्रक्टरने माझ्या पाठीला पुन्हा डबा बांधला. तो डबा बुडू नये म्हणून होता, हा पाण्याखाली राहता यावं म्हणून.

अंदमानला निघालेल्या ओळखीच्या बायका हल्ली मला हमखास फोन करतात. सहलीच्या कागदावर 'स्कूबा' (पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाणं) असं लिहिलेलं असतं आणि पोटात गोळा आलेला असतो. दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आधी माझी फजिती ऐका. हॅवलॉकच्या पाच वर्षं आधी, दुसऱ्याच एका किनाऱ्यावर, टूरच्या गडबडीत मी एकदा पाण्याखाली जाऊन आले होते. होडीत दहा जण, शिकवणी दोन मिनिटांची, तीही 'डरना नहीं' एवढीच. एकाने मानेपाशी धरून मला खाली नेलं. कानात कोणी दाभण खुपसावा तशी कळ आली, ती कशी सांगायची हे माहीत नाही. खाली खडकावर उभं केलं, समोर कॅमेरा, माशांना पावाचे तुकडे, सहा-सात मिनिटांत वर. कानाला आठ दिवस दडा बसला होता. व्हिडिओत मी हसताना दिसते, कारण तोंडात नळी असली की सगळेच हसताना दिसतात. त्या दिवशी जे जे झालं ते जवळपास सगळं चुकीचं होतं, हे मला हॅवलॉकला कळलं.

तर पहिलं काम घरीच, आणि ते म्हणजे दिवसांची मांडणी. डाइव्ह केल्यावर लगेच विमानात बसायचं नाही. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो, तो सावकाश बाहेर पडावा लागतो. विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, सोडा वॉटरचं झाकण उघडल्यासारखे. एकच डाइव्ह केली असेल तर किमान बारा तास, एकाहून जास्त असतील तर अठरा तास थांबायचं. मी सरळ चोवीस धरते. आपली मंडळी पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला उतरली की आधी सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी बघतात, मग हॅवलॉक आणि परतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत समुद्र. हे उलटं करा. आधी बोटीने हॅवलॉक गाठा (खासगी बोटीला दीड-दोन तास, सरकारी बोट थोडी जास्त वेळ घेते), डाइव्ह उरका आणि जेल शेवटच्या दिवसाला ठेवा. हॅवलॉकचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप आहे, तिकिटावर तेच दिसेल, गोंधळू नका. मोसम ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि गढूळ.

दुसरं, डॉक्टर. डाइव्ह सेंटरवर आरोग्याचा फॉर्म देतात. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं किंवा सायनसचं ऑपरेशन, गरोदरपण, रक्तदाब असे प्रश्न असतात. रांगेत उभं राहून सगळीकडे 'नाही'वर खूण करणारे मी पाहिलेत, आमच्या घरातच एक आहेत. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून मी निघायच्या आधी आमच्या डॉक्टरांकडून लिहून आणलं. 'या वयात कशाला' हे ऐकून घेतलं, पण कागद मिळाला. आणि सर्दी झाली असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारं औषध घेऊन जाऊ म्हणाल तर त्याचा असर पाण्याखालीच उतरला की वर येताना कान अडकतात. पैसे गेले तर गेले.

सेंटर निवडताना किमतीआधी चार गोष्टी विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे किती माणसं, खाली नेण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात सराव किती वेळ, कमाल खोली किती आणि अडचणीच्या वेळी द्यायला सोबत ऑक्सिजनचा किट असतो का. अनुभव म्हणून केलेल्या पहिल्या डाइव्हला एकास एक माणूस हवा आणि बारा मीटरच्या खाली न्यायचं नसतं. प्रत्यक्षात सहा-आठ मीटर पुष्कळ होतात. वयाची अट दहा वर्षं पूर्ण. पोहता येत नसलं तरी या डाइव्हला घेतात. पोहणाऱ्यांना जास्त जड जातं असं माझं मत आहे, त्याचं कारण पुढे येईल.

आता एक गैरसमज. पाठीवरच्या टाकीला सगळे 'ऑक्सिजन सिलिंडर' म्हणतात. तिच्यात साधी हवा असते, तुमच्याआमच्या अंगणातली, फक्त गाळून दाबून भरलेली, साधारण दोनशे बार दाबाने (एक बार म्हणजे जवळपास एका वातावरणाचा दाब). दोन हजार लिटरहून थोडी जास्त हवा त्या पंधरा किलोच्या नळकांड्यात मावते. काठावर ती टाकी लावून चालताना कंबर बोलते. पाण्यात गेलं की वजन कुठे जातं कळत नाही.

हॅवलॉकला पहिली डाइव्ह बहुधा बीच नंबर दोनजवळच्या नेमो रीफवर करवतात. तिथे किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरतात, म्हणून वेळ भरतीवर ठरते. ओहोटीला त्या बाजूचं पाणी पार दूर जातं आणि नुसते खडक उघडे पडतात. सकाळी सहाला बोलावलं तर कुरकुर करू नका, समुद्राचं घड्याळ वेगळं असतं. पोट रिकामं नको आणि तट्टही नको. मी एक केळं आणि दोन टोस्ट खाल्ले होते. आदल्या रात्री दारू नको. होडीतून जायचं असेल आणि बोट लागत असेल तर गोळीचं डॉक्टरांना आधीच विचारा, काही गोळ्यांनी गुंगी येते. पाण्याखाली उलटी झालीच तर? नळी तोंडातच ठेवून तिच्यातूनच करायची. ऐकायला घाण आहे, पण नळी काढून केली तर त्यानंतर आत ओढलेला श्वास पाण्याचा असतो.

कपड्यांचं बायकांना सांगते. आत अंगासरशी पोहण्याचा पोशाख किंवा लेगिंग आणि टी-शर्ट, वर ते देतात तो वेटसूट, म्हणजे घट्ट बसणारा रबरी पोशाख. त्याची चेन पाठीला येते, पुढे नाही. मी उलटा चढवून दहा मिनिटं घामाघूम झाले. पाय आत सरकत नसेल तर पायाला प्लॅस्टिकची पिशवी घाला, सटकन जातो. मंगळसूत्र, कानातलं, अंगठी खोलीवर. केसांची घट्ट वेणी, आणि डोळे-नाक झाकणाऱ्या काचेच्या मास्कच्या कडेखाली एकही केस नको, तेवढ्यावरून पाणी आत येतं. पुरुषांचं तेच मिशीमुळे होतं. आमच्या ह्यांची मिशी म्हणजे घराण्याचा विषय. इन्स्ट्रक्टर म्हणाला, नाकाच्या लगेच खाली ब्लेडच्या पात्याएवढी पट्टी साफ करा, मास्क तिथे चिकटतो. हे म्हणाले, 'मिशीला हात लावायचा नाही.' मग मास्कमध्ये पाणी घेऊन सराव केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्याने रेझर मागितला. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, पण आदल्या दिवशी नंबर कळवा. आत काचेला थुंकी लावून विसळायची म्हणजे धुकं धरत नाही. हसू नका, सगळे तेच करतात.

आता पाण्यात. आमचा इन्स्ट्रक्टर अंदमानातल्याच मायाबंदरकडचा, कारेन जमातीचा मुलगा होता. हे लोक ब्रिटिशांच्या काळात ब्रह्मदेशातून तिथे येऊन वसलेले, समुद्र त्यांच्या घरचा. छातीएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसवून त्याने मला सांगितलं, "आंटी, कुछ मत करो. बस साँस लो." मी तोंड पाण्यात घातलं आणि नेमकं उलट केलं, श्वास रोखला. विहिरीतल्या पोरीला दुसरं येतच नाही. सूर मारायचा, श्वास धरायचा, तळाचा चिखल मुठीत आणून दाखवायचा, यातच आमची शान होती. ते हाडात बसलेलं इथे काढून टाकायचं असतं. पोहता न येणाऱ्याला हे विसरायचं नसतं, तो आपला सांगितल्याप्रमाणे श्वास घेतो.

श्वास का रोखायचा नाही, हे नीट समजून घ्या. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत आले. बॉइलचा नियम खडूने किती वेळा लिहिला असेल. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटर खाली तो काठावरच्या दुप्पट. तिथे फुप्फुस भरून घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलात तर ती दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला तेवढी जागा नसते, ते फाटू शकतं. त्यासाठी दहा मीटरही लागत नाहीत, दोन-तीन मीटरही पुरेत. म्हणून एकच नियम, झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यावा असा: श्वास चालू ठेवायचा, लांब आत, लांब बाहेर. नळी तोंडातून निघालीच तर ओठांतून बारीक 'आऽऽ' करत बुडबुडे सोडत राहायचे, मग नळी परत घालून एक जोरात फुंकर, म्हणजे आतलं पाणी जातं.

त्या नळीतून येणारी हवा कोरडी असते, घसा सुकतो. आवाज मात्र सुंदर. आत घेताना सूंऽऽ, सोडताना कानाजवळून बुडबुड्यांचा गडगडाट. तो आवाज एका लयीत आला की समजायचं, जमलं. मला वीस मिनिटं लागली. तोवर तो मुलगा शांत बसून होता, एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. सेंटर चांगलं की वाईट हे मी यावरून ठरवते.

मास्कमध्ये पाणी शिरलं तर घाबरायचं नाही, हेही उथळ पाण्यातच करून घ्या. मुद्दाम थोडं पाणी आत घ्यायचं, मास्कची वरची कड कपाळाला दाबायची, मान जरा वर, आणि नाकाने फुंकायचं. पाणी खालून निघून जातं. पहिल्यांदा नाकात पाणी जाऊन झणझणेल. तीन वेळा केलं की भीती जाते. हे शिकवल्याशिवाय कोणी खाली नेत असेल तर जाऊ नका, एवढा हट्ट मात्र धरा.

कानांचं आता. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाताना कानाला दडे बसतात, आपण आवंढा गिळतो आणि कान सुटतात. इथे तेच, फक्त फार लवकर. नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद, आणि हळूच फुंकायचं, कानात 'टक्' होईपर्यंत. हे दुखायच्या आधी करायचं, दर अर्ध्या-एक मीटरला, सुरुवात काठावरच. दुखायला लागल्यावर जोर लावला तर कान आणखी अडतो आणि पडद्याला इजा होते. दुखलं तर हात आडवा हलवायचा, कानाकडे बोट दाखवायचं आणि थोडं वर यायचं. तिथे कान सुटला की पुन्हा खाली. पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, त्यामुळे 'आम्ही काही खोल जाणार नाही' म्हणून सुटका नाही. माझा डावा कान हट्टी आहे, मला चार वेळा वर यावं लागलं. कोणी रागावलं नाही.

खुणा थोड्याच, पण एक घोळ हमखास होतो. अंगठा वर केला की 'मस्त' नव्हे, 'मला वर न्या.' ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा, सुपारी धरल्यासारखा. आमच्या ह्यांनी खाली पोचताच आनंदाने दोन्ही अंगठे दाखवले आणि त्यांना लगेच वर आणलं. वर आल्यावर दोघांचं जे बोलणं झालं ते मी बुडबुडे सोडत ऐकलं नाही.

आणि मग खाली. पहिल्यांदा सगळं निळं-हिरवं दिसतं आणि वाटतं, फोटोतले रंग कुठे गेले? पाणी आधी लाल रंग गिळतं. माझ्या मनगटावर देवीचा लाल दोरा होता, आठ मीटरवर तो मातकट काळा दिसत होता. इन्स्ट्रक्टरने त्यावर टॉर्च टाकला आणि तो एकदम भडक लाल झाला, विझवला तसा पुन्हा काळा. आयुष्यभर वर्णपट शिकवून मला तो असा दिसला नव्हता. वस्तू पाण्यात असतात त्याहून जवळ आणि मोठ्या दिसतात, तेव्हा हात लांब करून अंदाज घेऊ नका. हात पोटाशी बांधलेलेच बरे.

हातांचं एवढं का सांगते? प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. एकेक प्राणी टाचणीच्या डोक्याएवढा, आणि त्याच्या अंगात राहणारं शेवाळ त्याला अन्न पुरवतं. गोल टेकडीसारखे जे प्रवाळ असतात ते वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे माझ्या कमरेएवढा प्रवाळ माझ्या आजीच्या आधीचा. त्यावर उभं करून माझा फोटो काढला होता त्या पहिल्या वेळी, हे आठवलं की अजून लाजल्यासारखं होतं. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. अंदमानात 1998, 2010 आणि 2016 मध्ये असं झालं. त्यामुळे पोस्टरसारखी अखंड बाग दिसेल अशी आशा धरू नका. मला मोडक्या फांद्यांचा करडा ढिगाराही दिसला, आणि त्याच्या पलीकडे टेबलाएवढा जिवंत प्रवाळ, खाली लपलेल्या माशांसकट.

बघायचं कसं, तर एका जागी थांबून. मी समुद्रफुलाजवळ (फुलासारखा दिसणारा प्राणीच तो) पाच मिनिटं नुसती तरंगत होते. त्याच्या बोटांसारख्या झुबक्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश. त्यातला मोठा बाहेर येऊन माझ्या मास्कसमोर उभा राहिला, करंगळीएवढा जीव, आणि चक्क अंगावर आला. मोठी ती मादी असते, घर तिचं. शेजारी पॅरटफिश प्रवाळ चावत होते, त्याचा कुडुम कुडुम आवाज स्वच्छ ऐकू येतो, कोणी शेंगदाण्याची चिक्की खात असावं तसा. खाल्लेल्या प्रवाळाची त्यांच्या पोटातून वाळू होऊन पडते. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत तीही असते, हे मी नंतर ह्यांना वाळूत झोपल्यावर सांगितलं.

पाय कमरेतून सावकाश हलवायचे, सायकल चालवल्यासारखे नाहीत. तळाला लाथा बसल्या की वाळू उडून प्रवाळांवर बसते आणि मागच्यांना काही दिसत नाही. घाई केली की हवा भराभर संपते. दहा मीटरवर प्रत्येक श्वासाला काठावरच्या दुप्पट हवा लागते, धापा टाकल्या तर विचारूच नका. टाकीतली हवा दाखवणाऱ्या गेजचा काटा इन्स्ट्रक्टर बघतोच, तरी तुम्हीही बघा. काटा पन्नास बारच्या खाली जायच्या आधी वर यायचं असतं. वर येतानाही सावकाश, आपल्याच लहान बुडबुड्यांच्या मागे राहून.

शंख, शिंपले, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा काहीही उचलून आणू नका, किनाऱ्यावर पडलेला असला तरी. खडे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. विमानतळावर सामान तपासताना पकडतात, आणि मग देवघरात ठेवायचा होता हे कारण चालत नाही. सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा कपडा घाला.

गोडी लागली तर ओपन वॉटर कोर्स करा. पॅडी किंवा एसएसआय या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांचा असतो, तीन-चार दिवस, समुद्रात चार डाइव्ह, आणि मग अठरा मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाता येतं. त्याला मात्र पोहावं लागतं: दोनशे मीटर न थांबता आणि दहा मिनिटं तरंगणं. विहिरीतलं पोहणं तिथे कामाला येतं. मी पुढच्या वर्षी केला, हे काठावर पुस्तक वाचत बसले होते.

वर आल्यावर नाकातून थोडं रक्तमिश्रित पाणी आलं तर बहुतेकदा कान सोडताना बारीक केशिका फुटलेली असते. पण कान दुखत राहिला, गरगरलं, सांधे दुखले किंवा हातापायाला मुंग्या आल्या तर 'दमणूक असेल' म्हणू नका, लगेच सेंटरला सांगा. कान गोड्या पाण्याने धुवा, काडी घालू नका. भरपूर पाणी प्या. भूक प्रचंड लागते. आणि मास्कचा गोल वळ कपाळापासून ओठापर्यंत दोन-तीन तास जात नाही, तेव्हा घरच्या ग्रुपवर टाकायचा फोटो पाण्यात शिरायच्या आधीच काढून घ्या.